दोन परवाने आणि तिसरी कचेरी

कुंभकोणमला विमानतळ नाही. कावेरीकाठच्या या देवळांच्या गावापासून सर्वांत जवळची धावपट्टी सुमारे चाळीस किलोमीटरवर तंजावरला आहे. पण ती भारतीय वायुसेनेची असून २०२० च्या जानेवारीत तेथे सुखोई-३० लढाऊ विमानांची तुकडी दाखल झाली, आणि प्रवासी विमान गाठायचे तर कुंभकोणमच्या माणसाला सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या तिरुचिरापल्लीला जावे लागते. अशा गावातून बारावी उत्तीर्ण झालेला जो मुलगा किंवा मुलगी व्यावसायिक वैमानिक होऊ पाहते, तिच्या घरात बहुधा एकच प्रश्न चर्चिला जातो, तो म्हणजे प्रशिक्षण अमेरिकेत घ्यावे की युरोपात. प्रश्न वाजवी आहे, परंतु तो अर्धाच आहे. कारण ज्याला शेवटी भारतातल्या विमान कंपनीत नोकरी करायची आहे त्याच्या परवान्याचा निकाल अमेरिकेतही लागत नाही आणि युरोपातही लागत नाही, तो नवी दिल्लीत सफदरजंग विमानतळासमोरच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात, म्हणजे डीजीसीएच्या कचेरीत, लागतो.

बाहेर जाऊन नाव काढण्याची परंपरा या गावाला नवी नाही. तंजावरच्या भोसले घराण्याच्या काळात कावेरीच्या खोऱ्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची आपली अशी तंजावरी मराठी आजही काही घरांत बोलली जाते, आणि त्याच समाजातले, १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. माधवरावांना एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात जाताना आपली योग्यता नव्याने सिद्ध करणारी परीक्षा द्यावी लागली नाही. वैमानिकाला मात्र ती द्यावी लागते, आणि ती का द्यावी लागते हे समजल्याशिवाय अमेरिका आणि युरोप यांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

वैमानिकाचा परवाना सुरुवातीला सरकार देतच नसे. युरोपात हे काम हौशी लोकांच्या विमान क्लबांनी अंगावर घेतले. फ्रान्सच्या एरो क्लबाने १९०९ मध्ये दिलेल्या पहिल्या परवान्यांत लुई ब्लेरियोला पहिला क्रमांक मिळाला, आणि तोही त्याच्या पराक्रमामुळे नव्हे तर आडनावांच्या वर्णानुक्रमामुळे. भारत त्या काळी ब्रिटिश साम्राज्यात असल्यामुळे येथेही तीच पद्धत आली, आणि मुंबईत जुहूला उड्डाण शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या संस्थेचा पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. अमेरिकेने वेगळी वाट धरली. १९१९ च्या पॅरिस करारावर तिने सही केली खरी, पण त्याला मंजुरी कधी दिलीच नाही, आणि १९२६ च्या आपल्या स्वतंत्र कायद्यान्वये सरकारी परवाने सुरू केले. त्यांतला पहिला परवाना ऑर्व्हिल राइट यांना देऊ केला असता त्यांनी तो नाकारला, म्हणून १९२७ मध्ये तो विल्यम मॅक्रॅकन या अधिकाऱ्याच्या नावे लिहिला गेला. ज्यांनी परवाना नको म्हटले त्या ऑर्व्हिल यांचे आणि त्यांच्या भावाचे चित्र आज अमेरिकी वैमानिकाच्या प्लास्टिकच्या परवाना-पत्रावर छापलेले असते.

या दोन प्रवाहांना एका पात्रात आणण्याचा प्रयत्न म्हणजे ७ डिसेंबर १९४४ चा शिकागो करार होय. या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, उभी राहिली, आणि कराराच्या पहिल्या परिशिष्टात वैमानिकांच्या परवान्यांची किमान प्रमाणे ठरली. जो परवाना या प्रमाणांना उतरतो तो सदस्य देशांनी मान्य करावा असे कराराचे ३३ वे कलम सांगते, आणि परदेशी प्रशिक्षणाची जाहिरात करणारे दलाल ‘हा परवाना जगभर चालतो’ असे जे म्हणतात त्याचा उगम येथे आहे. मात्र त्याच्याच आधीच्या, ३२ व्या कलमात खरी मेख आहे: आपल्या नागरिकाला दुसऱ्या देशाने दिलेला परवाना आपल्या हद्दीतील उड्डाणासाठी न मानण्याचा हक्क प्रत्येक देशाने स्वतःकडे राखून ठेवला आहे. म्हणजे भारतीय पासपोर्ट असलेल्या विद्यार्थ्याने फ्लोरिडाहून आणलेला किंवा स्पेनहून आणलेला परवाना भारताच्या आकाशात आपोआप चालत नाही. तो भारतीय परवान्यात रूपांतरित करून घ्यावा लागतो, आणि या व्यवसायातले लोक ज्याला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात ते हेच.

अमेरिकेत परवाने देणारी यंत्रणा म्हणजे फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन, संक्षेपाने एफएए. तेथे शिकण्याचे दोन मार्ग आहेत. त्यांची नावे नियमावलीच्या ज्या भागांत ते सांगितले आहेत त्यांवरून पडली आहेत: ६१ वा भाग हा मोकळा मार्ग असून त्यात विद्यार्थी स्वतंत्र शिक्षकाकडे आपल्या सोयीने शिकतो आणि व्यावसायिक परवान्यासाठी २५० तासांची अट पुरी करतो, १४१ वा भाग हा सरकारमान्य अभ्यासक्रम राबवणाऱ्या शाळांचा असून तेथे तीच मजल १९० तासांत गाठता येते. लेखी परीक्षेचा बोजा तुलनेने हलका असतो. व्यावसायिक परवान्यासाठी शंभर बहुपर्यायी प्रश्नांची एकच प्रश्नपत्रिका असते, तिच्यात सत्तर टक्के गुण पुरतात, आणि ढगांत केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, मिळवायची तर तिच्यासाठी साठ प्रश्नांची आणखी एक प्रश्नपत्रिका द्यावी लागते. खरी कसोटी नंतर लागते: नियुक्त परीक्षक विद्यार्थ्याला समोर बसवून दोन-दोन तास तोंडी प्रश्न विचारतो आणि मग त्याच्याबरोबर विमानात बसतो. या परीक्षेला तेथे ‘चेक राइड’ म्हणतात. ज्याने उत्तरे नुसती घोकली आहेत त्याचे पितळ येथे उघडे पडते, म्हणून अमेरिकी परीक्षा सोपी आहे हा समज अर्धवट आहे. ती कागदावर सोपी आहे, एवढेच खरे.

अमेरिकेत शिकणे स्वस्त आणि जलद का पडते याचे उत्तर शाळांच्या गुणवत्तेत नसून त्या देशाच्या भूगोलात आणि सवयींत आहे. तेथे सार्वजनिक वापराचे विमानतळ पाच हजारांच्या आसपास आहेत, त्यांपैकी लहान विमानतळांवर उतरण्याचे शुल्क बहुधा नसते, खासगी विमाने बाळगणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे दुरुस्ती करणारे आणि सुटे भाग सहज मिळतात, आणि ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा किंवा कॅलिफोर्नियात वर्षातले बहुतेक दिवस उडता येते. विद्यार्थी बहुधा तासाच्या हिशेबाने पैसे भरतो. इंजिन चालू असेपर्यंत फिरणारे हॉब्स मीटर नावाचे घड्याळ विमानात बसवलेले असते आणि त्याच्या आकड्याला दराने गुणले की त्या दिवसाचे बिल तयार होते. युरोपात मात्र इंधनावर भारी कर, बहुतेक ठिकाणी उतरण्याचे शुल्क आणि उत्तरेकडे लांबणारा ढगाळ हिवाळा असल्यामुळे तेथल्या शाळा सूर्याच्या शोधात स्पेन, पोर्तुगाल आणि ग्रीसकडे सरकतात. युरोपातील सर्वांत नामांकित विमान कंपन्यांपैकी एक असलेली लुफ्तान्सा आपल्या होतकरू वैमानिकांना १९७० पासून अनेक दशके ॲरिझोनातल्या गुडइयर येथे उड्डाण शिकायला पाठवत होती, ही गोष्ट या संदर्भात पुरेशी बोलकी आहे.

युरोपीय पद्धतीचा कणा लेखी परीक्षा हा आहे. तेथे नियम करणारी संस्था म्हणजे युरोपियन युनियन एव्हिएशन सेफ्टी एजन्सी, जिला सर्वत्र इयासा म्हणतात. २००२ च्या नियमान्वये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय जर्मनीत कोलोनला आहे आणि वैमानिकांच्या परवान्यांचे तिचे नियम २०११ चे आहेत, मात्र परवाना प्रत्यक्षात हाती पडतो तो स्पेन, आयर्लंड, ऑस्ट्रिया अशा त्या त्या देशाच्या प्राधिकरणाकडून. विमान कंपनीत जाऊ इच्छिणारा विद्यार्थी सुरुवातीलाच एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्याच्या, म्हणजे कप्तानपदाच्या दर्जाच्या, तेरा विषयांची परीक्षा देतो. हवाई कायदा, हवामानशास्त्र, उड्डाणाची तत्त्वे, विमानाची रचना, वजन आणि समतोल, मानवी क्षमता, रेडिओ दिशादर्शन असे ते विषय असून प्रत्येकात स्वतंत्रपणे पंचाहत्तर टक्के लागतात, पहिल्या परीक्षेपासून अठरा महिन्यांत सगळे आटोपावे लागतात आणि एका विषयाला चारदाच बसता येते. एवढे करूनही जमले नाही तर आधी मिळवलेल्या विषयांसह सारे पहिल्यापासून. एका विषयातले प्रावीण्य दुसऱ्यातल्या उणिवेला पांघरूण घालू शकत नाही. कुंभकोणमच्या वाचकाला या पद्धतीची ओळख करून देण्याची गरज नाही, कारण याच गावच्या गव्हर्नमेंट कॉलेजात १९०४ साली दाखल झालेल्या श्रीनिवास रामानुजन यांची शिष्यवृत्ती इंग्रजीत अनुत्तीर्ण झाल्यामुळे गेली होती, आणि गणितातील त्यांची झेप तेव्हा कामी आली नव्हती.

हे तेरा विषय उत्तीर्ण झालेल्या, पण उड्डाणाचे पंधराशे तास अजून न भरलेल्या वैमानिकाच्या परवान्याला बोलीभाषेत ‘फ्रोझन’, म्हणजे गोठलेला, परवाना म्हणतात. विद्या आहे, अनुभव यायचा आहे, असा त्याचा अर्थ. युरोपातही शिकण्याचे दोन मार्ग आहेत. एकात्मिक अभ्यासक्रमात विद्यार्थी एकाच शाळेत दीड-दोन वर्षे पूर्ण वेळ शिकतो, शून्यापासून विमान कंपनीच्या दारापर्यंतचे सारे टप्पे तेथेच ओलांडतो आणि त्यात किमान १९५ तासांचे उड्डाण-प्रशिक्षण घेतो. टप्प्याटप्प्याच्या, म्हणजे मॉड्युलर, मार्गात तो आधी खासगी परवाना, मग लेखी परीक्षा, मग तास वाढवणे, मग व्यावसायिक परवाना असे तुकडे वेगवेगळ्या शाळांत आणि आपल्या ऐपतीनुसार पाडतो. दोन्ही मार्गांत शेवटी दोन वैमानिकांनी मिळून विमान चालवण्याचे प्रशिक्षण आणि भलत्याच कोनात गेलेले विमान सावरण्याचे प्रशिक्षण असते. एकात्मिक अभ्यासक्रमाचे शुल्क मोठ्या हप्त्यांत आगाऊ घेतले जाते, आणि शाळा मध्येच बंद पडली तर ते परत मिळवणे किती अवघड असते याचा अनुभव युरोपातल्या अनेक विद्यार्थ्यांनी घेतला आहे. तासागणिक पैसे देण्याची अमेरिकी रीत या बाबतीत निःसंशय सुरक्षित आहे.

दोन्ही खंडांतील खरा भेद मात्र शुल्काचा किंवा विषयांच्या संख्येचा नसून नवा वैमानिक विमान कंपनीच्या कॉकपिटात केव्हा बसू शकतो याचा आहे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोलगन एअरचे ३४०७ क्रमांकाचे विमान अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोसळले आणि जमिनीवरील एकासह पन्नास माणसे दगावली. चौकशीत दिसले ते असे की, वेग धोक्याइतका घसरल्याचा इशारा विमानाने दिला असता कप्तानाने नाक खाली करण्याऐवजी वर ओढले. या अपघातानंतर अमेरिकी काँग्रेसने २०१० मध्ये कायदा केला आणि २०१३ पासून विमान कंपनीच्या सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे पंधराशे तासांची अट लागू झाली. लष्करी वैमानिकांना आणि विशिष्ट पदवीधरांना तिच्यात काही सवलत आहे. गंमत अशी की, त्या दुर्दैवी विमानाच्या दोन्ही वैमानिकांकडे पंधराशेहून कितीतरी अधिक तास होते. उणीव तासांच्या संख्येत नव्हती, तर त्या तासांत काय शिकले गेले यात होती, म्हणून हा नियम सुरक्षिततेच्या दृष्टीने कितपत नेमका आहे यावर अमेरिकेतच मतभेद आहेत. त्याचा एक परिणाम मात्र वादातीत आहे: अमेरिकी तरुण अडीचशे तासांचा परवाना घेऊन लगेच विमान कंपनीत जात नाही, तो शिक्षक होतो आणि दुसऱ्यांना शिकवत शिकवत पंधराशेपर्यंत पोहोचतो. युरोपात अशी अट नाही. तेथे दोनशेच्या आसपास तासांचा वैमानिक सिम्युलेटरवर त्या विमानाचे खास प्रशिक्षण घेऊन, म्हणजे टाइप रेटिंग करून, थेट एअरबसच्या उजव्या आसनावर बसतो. या बाबतीत भारत पूर्णपणे युरोपच्या पंगतीला आहे, कारण येथेही सहवैमानिकाला व्यावसायिक परवाना आणि टाइप रेटिंग पुरते व पंधराशे तासांची गरज पुढे, कप्तानपदाच्या परवान्यासाठी, लागते.

यावरून युरोपीय प्रशिक्षण भारताला अधिक जवळचे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि विमान कंपनीच्या शिस्तीपुरता तो बरोबरही आहे. परंतु डीजीसीएच्या वहीत या जवळिकीला गुण नाहीत. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी अठरा वर्षे पूर्ण, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि दोनशे तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी शंभर तास विमानाची सूत्रे स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेले, म्हणजे पायलट-इन-कमांडचे, हवेत, आणि त्यांतले किमान पंधरा तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले हवेत. येथेच शिकणाऱ्याला नेव्हिगेशन, हवामान, हवाई नियम आणि तांत्रिक विषय यांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका द्याव्या लागतात. परदेशी परवाना घेऊन येणाऱ्याला नेव्हिगेशन आणि हवामान यांची एक संयुक्त प्रश्नपत्रिका आणि हवाई नियमांची प्रश्नपत्रिका द्यावी लागते. युरोपचे तेरा विषय पंचाहत्तर टक्क्यांनी उत्तीर्ण झालेला आणि अमेरिकेचे शंभर प्रश्न सोडवून आलेला, दोघेही या खिडकीसमोर एकाच रांगेत उभे असतात. रेडिओवर बोलण्याचा आरटीआर हा परवानाही वेगळा काढावा लागतो. तो पूर्वी दूरसंचार खात्याकडे होता, आणि १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आलेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने तो अधिकार डीजीसीएकडे सोपवला आहे.

आता वर आलेल्या आकड्यांकडे पुन्हा पाहावे. अमेरिकेच्या सरकारमान्य शाळेतले १९० तास आणि युरोपच्या एकात्मिक अभ्यासक्रमातले १९५ तास, दोन्ही त्या त्या देशात पूर्णपणे कायदेशीर आहेत, आणि दोन्ही भारताच्या दोनशेला कमी पडतात. हा काही योगायोग नाही. शिकागो कराराच्या परिशिष्टातच एरवी दोनशे तास आणि मान्य अभ्यासक्रमात दीडशे तास अशी दुहेरी मोजणी आहे; अमेरिका आणि युरोप या सवलतीचा आपापल्या परीने फायदा घेतात आणि भारत दोनशेवर ठाम राहतो. कमांडच्या तासांत तर दरी आणखी रुंदावते. युरोपच्या एकात्मिक अभ्यासक्रमात सत्तरच तास कमांडचे लागतात आणि त्यातही शिक्षकाच्या देखरेखीखाली ‘विद्यार्थी कप्तान’ म्हणून केलेले उड्डाण धरले जाते. भारताला शंभर हवेत. म्हणजे सर्वांत महागडा युरोपीय अभ्यासक्रम पुरा करून आलेल्या विद्यार्थ्याला राहिलेले तास भरण्यासाठी पुन्हा खिशात हात घालावा लागतो, तर साधा मॉड्युलर मार्ग धरलेल्याचे तास बरोबर जुळतात.

अमेरिकेत याच्या उलट प्रकारची अडचण होते, आणि ती अधिक फसवी आहे, कारण तेथे कमांडचे तास कमी पडत नाहीत, जास्त दिसतात. अमेरिकी नियमानुसार ज्याच्याकडे त्या वर्गाच्या विमानाचा परवाना आहे तो एकट्याने नियंत्रणे हाताळत असेल, तर शेजारी शिक्षक बसून शिकवत असला तरी तो वेळ त्याला लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, कमांडचा म्हणून लिहिता येतो. त्याचप्रमाणे एक जण डोळ्यांवर आडोसा लावून उपकरणांवर उडत असताना दुसरा बाहेर नजर ठेवणारा ‘सेफ्टी पायलट’ असेल, तर विशिष्ट अटींवर दोघेही तोच तास आपापल्या नावावर कमांडचा म्हणून चढवू शकतात. दोन मित्रांनी एक विमान अर्ध्या खर्चात वाटून घेण्याची ही युक्ती अमेरिकेत रास्त आहे, परंतु युरोप आणि भारत शिक्षणाचा तास हा शिक्षणाचाच मानतात, त्यामुळे अशा नोंदींच्या भरवशावर शंभर तास पुरे झाले असे समजणाऱ्याची परत आल्यावर निराशा होऊ शकते. लॉगबुकाच्या प्रत्येक पानावर शिक्षकासह, एकट्याने आणि रात्रीचे असे रकाने पहिल्या दिवसापासून भारतीय पद्धतीने स्वतंत्र भरणे हा यावरचा साधा उपाय आहे, आणि त्याला एक डॉलरही खर्च येत नाही.

तीनशे नॉटिकल मैलांच्या, म्हणजे सुमारे साडेपाचशे किलोमीटरच्या, दूर पल्ल्याच्या उड्डाणाची अट तिन्ही ठिकाणी आहे, कारण तिचे मूळ एकच आहे. पण तपशील निराळा. भारत आणि युरोप निघालेल्या विमानतळाखेरीज दोन ठिकाणी पूर्ण थांबून उतरायला सांगतात. अमेरिका किमान तीन ठिकाणी उतरण्याची आणि त्यांतले एक ठिकाण निघाल्या जागेपासून सरळ रेषेत किमान अडीचशे नॉटिकल मैलांवर असण्याची अट घालते. चाकांनी धावपट्टीला स्पर्श करून लगेच पुन्हा उडणे तेथे सर्रास चालते, तेव्हा पूर्ण थांबण्याची नोंद विसरली तर एक अख्खे उड्डाण भारतासाठी वाया जाते.

परत आल्यानंतर भाषाही थोडी बदलावी लागते, आणि ही भाषा इंग्रजी असूनही बदलावी लागते. अमेरिकेत हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, प्रमाण दाब २९.९२, भारतात आणि युरोपात तो हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, प्रमाण १०१३. अमेरिकेत दृश्यता मैलांत, येथे मीटरमध्ये. ज्या उंचीवर सर्व विमाने स्थानिक दाब सोडून प्रमाण दाबावर उंचीमापक लावतात ती उंची अमेरिकेत सर्वत्र अठरा हजार फूट आहे. येथे ती प्रत्येक विमानतळागणिक ठरते आणि बरीच खाली असते. धावपट्टीवर येऊन थांबण्याची सूचना अमेरिकी नियंत्रक २०१० पर्यंत उर्वरित जगापेक्षा वेगळ्या शब्दांत देत असत. या बाबतीत युरोपात शिकलेला विद्यार्थी सरस ठरतो, कारण त्याला चेन्नईच्या नियंत्रकाचे बोलणे पहिल्या दिवसापासून ओळखीचे वाटते. अमेरिकेत शिकलेल्याला हे सवयीने जमते. मात्र उंचीमापकाच्या बाबतीत सवय लागण्याआधी होणारी चूक महागात पडू शकते, म्हणून त्याने भारतातल्या प्रशिक्षकाबरोबरचे पहिले काही तास केवळ तासांची भरती समजू नयेत.

नोकरीचा हक्क परवान्यातून मिळत नाही, ही गोष्ट सर्वांत शेवटी लक्षात येते आणि खरे तर सर्वांत आधी यायला हवी. अमेरिकेत उड्डाण शिकण्यासाठी परदेशी नागरिकाला सुरक्षा यंत्रणेची छाननी पार करावी लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि चेन्नईच्या वाणिज्य दूतावासातून बहुधा एम-१ हा व्यावसायिक शिक्षणाचा व्हिसा घ्यावा लागतो; या व्हिसावर शिकत असताना नोकरी करता येत नाही आणि नंतरचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षणही चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना या दराने, फार तर सहा महिने मिळते. एफ-१ व्हिसा देणाऱ्या शाळांतून वर्षभर शिक्षक म्हणून काम करण्याची संधी मिळू शकते, आणि पंधराशे तासांकडे जाण्याची ती एकच उजळ वाट परदेशी विद्यार्थ्यासाठी उरते. युरोपीय परवाना असला तरी युरोपात राहून काम करण्याचा हक्क असल्याशिवाय तेथील विमान कंपनी दार उघडत नाही. त्यातही ब्रिटन २०२० च्या अखेरीस इयासातून बाहेर पडल्यामुळे तेथला परवाना आता वेगळा मोजला जातो. लंडनजवळच्या शाळेत शिकून जर्मनीत नोकरी करू असे मनात धरणाऱ्याने हे विसरू नये.

घरच्या घरी शिकण्याचा पर्यायही आहे, आणि त्याच्याविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. मद्रास फ्लाइंग क्लब १९३० पासूनचा आहे; महाराष्ट्रात बारामती, गोंदियाजवळचे बिरसी आणि शिरपूर येथे प्रशिक्षण चालते, आणि अमरावतीला एअर इंडियाने मोठी शाळा उभारण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. येथे शिकल्यास कन्व्हर्जनचा प्रश्नच उरत नाही. अडचण वेळेची असते: विमाने आणि शिक्षक कमी, विद्यार्थी जास्त, त्यात महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर आणि तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस, त्यामुळे दोनशे तासांना किती महिने लागतील हे शाळा खात्रीने सांगू शकत नाही. परदेशाची ओढ बहुतेक वेळा या वाट पाहण्याच्या कंटाळ्यातून येते, परदेशी परवान्याच्या मोलामुळे नव्हे.

ज्याला भारतातच उडायचे आहे आणि जो घाईत आहे त्याच्यासाठी अमेरिका हा व्यवहारी पर्याय आहे, मात्र अट अशी की डीजीसीएच्या लेखी परीक्षा जाण्याआधीच उरकलेल्या असाव्यात, अडीचशे तासांच्या मार्गाने जावे आणि लॉगबुक भारतासाठी लिहावे. युरोपाचा मार्ग, आणि तोही मॉड्युलर, ज्याच्याकडे किंवा ज्याच्या आईवडिलांकडे युरोपात काम करण्याचा हक्क आहे अशांनाच परवडणारा आहे; एरवी तेरा विषयांची ती भरभक्कम विद्या डोक्यात राहते, पण तिच्यामुळे दिल्लीच्या कचेरीतली रांग लहान होत नाही. कर्ज रुपयांत आणि शुल्क डॉलरमध्ये किंवा युरोत असल्यामुळे मधल्या काळात रुपया घसरला तर त्याचा भुर्दंड पालकांवरच पडतो, हाही हिशेब आधी मांडावा.

त्याही आधी एक काम आहे, आणि अनेक कुटुंबे ते सर्वांत शेवटी करतात. रंगांधळेपणा, हृदयाचा एखादा दोष किंवा कानाची तक्रार आढळून पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळाले नाही, तर अमेरिका, युरोप आणि भारत या तिन्हींचा विचार तेथेच संपतो, आणि भरलेले शुल्क सहसा परत येत नाही. या प्रमाणपत्राआधी लागणारी दुसऱ्या वर्गाची प्राथमिक तपासणी डीजीसीएने नेमलेले डॉक्टर करतात. पहिल्या वर्गाच्या आरंभीच्या तपासणीसाठी वायुसेनेची जी केंद्रे आहेत त्यांपैकी कुंभकोणमला सोयीचे म्हणजे बंगळूरचे इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन. कोणत्याही परदेशी शाळेला अनामत रक्कम पाठवण्याआधी तेथली वेळ ठरवावी. संध्याकाळी कुंभकोणमहून जाणारी म्हैसूरची एक्सप्रेस पहाटे बंगळूरला पोहोचते.